कुणी विचारले का त्यांना?

दिवाळीची सुट्टी लागली आणि मोबाईलवरून पोरांची जुंपली. मास्तरकी अंगात भिनलेली; मी लगेच आमिश लोकांची गोष्ट काढली. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टर भागात हे लोक आजही घोड्याच्या बग्गीतून हिंडतात. सरकारी विजेची तार घरात येऊ देत नाहीत. भाड्याच्या मोटारीत बसायला मात्र हरकत नाही. सोवळे कुठलेही असो, पळवाट ठेवलेलीच असते! घरी जर्मन वळणाची बोली, शाळेत इंग्रजी. कुणाचे कोठार जळाले तर सारी जमात हातोडे घेऊन हजर. शाळा बहुधा एका खोलीची, आणि आठवीला संपणारी.

“आठवीला संपते?” धाकट्याचे डोळे लकाकले.

मग १९७२ चा खटला सांगणे आले. विस्कॉन्सिन राज्यात १६ वर्षांपर्यंत शाळेची सक्ती होती. तीन बापांनी मुलांना पुढे धाडले नाही, तेव्हा प्रत्येकी ५ डॉलर दंड झाला. सर्वोच्च न्यायालयात बाप जिंकले. न्यायमूर्ती डग्लस यांनी मात्र अंशतः वेगळे मत नोंदवले: मुलांनाही विचारायला नको का?

थोरली इतका वेळ गप्प होती. अकरावीला तिला विज्ञान शाखेत मी घातले. मी, मराठीच्या प्राध्यापकाने!

“बाबा, मला तरी कुठे विचारलं होतंत?”

मी फराळाचे ताट पुढे ओढले. चकली छान झाली आहे, एवढेच मला बोलता आले.