दातांचं कर्ज



या अंकाचं संपादकीय पाण्यावर लिहायचं ठरलं होतं. लिहायला बसले ती दातांवर, आणि लिहिता लिहिता पुन्हा पाण्याशीच येऊन पोचले. तेव्हा थोडं सांभाळून घ्या.

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावातल्या बचत गटाच्या बैठकीला मी गेले काही वर्षं जाते. गेल्या उन्हाळ्यात तिथे एक अर्ज आला. बावीस वर्षांची मुलगी, बी.ए. झालेली, आईच्या नावावर नऊ हजार रुपये मागत होती. कारणाच्या रकान्यात ‘दवाखाना’ लिहिलेलं. काय झालंय म्हणून विचारलं तर आई गप्प. मग मुलगीच म्हणाली, दात पांढरे करून घ्यायचे आहेत. तीन स्थळं पाहून गेली होती. दोघांनी काही कळवलं नाही, तिसऱ्यांनी मध्यस्थामार्फत सांगितलं, मुलगी चांगली आहे पण दात खराब आहेत, तंबाखू-खर्रा खाते की काय?

ती काहीच खात नाही. तिच्या पुढच्या दातांवर तपकिरी पट्टे आहेत आणि मध्ये मध्ये खडूसारखे पांढरे ठिपके. त्या गावात हे दात घरोघर दिसतात.

मी विरोध केला. काय बोलले असेन, ते तुम्ही ओळखालच. 1996 साली बंगळूरच्या जगत्सुंदरी स्पर्धेच्या विरोधात आपण काय काय म्हटलं होतं, बाईच्या शरीराचे भाग सुटे करून बाजार ते कसे विकतो, गोरेपणाच्या क्रीमच्या नावातून 2020 साली ‘फेअर’ शब्द गेला तरी क्रीम तेच कसं राहिलं, हे सगळं. गटाचा पैसा यासाठी नाही, असं म्हणून मी थांबले. मुलीने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, “तुमचे दात पांढरे हायेत, ताई. तुमाले हासताना तोंडावर पदर घ्या लागत नाही.”

गटाच्या अध्यक्षबाईंनी पुढचं काम केलं. “मंडपासाठी कर्ज देतो आपण. मंडप काय शेतीचं अवजार हाय?” कर्ज मंजूर झालं, शेकडा दोन व्याजाने, बारा हप्ते. मी तेव्हा सांगितलं नाही ते इथे सांगते: भाचीच्या लग्नाआधी मीही दाताच्या डॉक्टरकडे जाऊन चहाचे डाग काढून आले होते. त्यासाठी मला कोणासमोर अर्ज करावा लागला नव्हता, एवढाच फरक.

या निमित्ताने मी दात पांढरे करणं म्हणजे नेमकं काय, ते समजून घेतलं. दाताचं बाहेरचं कवच अर्धपारदर्शक असतं आणि आतला भाग मुळातच पिवळसर. वय वाढतं तसं कवच झिजतं आणि पिवळेपणा जास्त दिसतो, त्यात रोग काही नाही. दवाखान्यात आधी दात साफ करतात, हिरड्यांवर संरक्षक थर देतात आणि दातांवर हायड्रोजन पेरॉक्साइडचं तीव्र जेल काही मिनिटं ठेवतात, असं दोनतीन वेळा. ते कवचातून आत झिरपतं आणि रंगद्रव्यं फोडतं. दुसरा प्रकार म्हणजे दातांच्या मापाचा साचा करून त्यात सौम्य जेल भरायचं आणि घरी रात्री लावायचं. ही पद्धत 1989 सालापासून रूढ झाली. चांगला डॉक्टर नीट तपासून करतो तेव्हा यात भयंकर असं काही नाही. काही दिवस थंड-गरम झोंबतं, जेल हिरडीला लागलं तर पोळतं. रंग कायम राहत नाही, काही महिन्यांत, फार तर वर्षा-दोन वर्षांत उतरतो. आधी बसवलेली कॅप किंवा भरलेलं सिमेंट पांढरं होत नाही, ते आहे त्याच रंगाचं राहतं आणि मग वेगळं उठून दिसतं. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाईने हे करू नये असाच सल्ला देतात. आणि उपचार संपताच जो लखलखाट आरशात दाखवतात, त्यातला काही भाग दात सुकल्याचा असतो. दोनचार दिवसांत तो जातो. पैसे मात्र त्या आरशासमोर घेतले जातात.

आता ब्यूटी पार्लरमध्येही हे करून मिळतं. दंतवैद्यकाचा व्यवसाय नोंदणीशिवाय करता येत नाही, असा कायदा आपल्याकडे 1948 पासून आहे. युरोपीय संघाने 2011 साली ठरवलं की ठरावीक प्रमाणापेक्षा जास्त पेरॉक्साइडचा पहिला वापर दंतवैद्यानेच करायचा आणि अठराच्या आतल्या मुलींवर तर करायचाच नाही. आपल्याकडच्या ‘नववधू पॅकेज’च्या पाट्यांवर यातलं काही लिहिलेलं नसतं.

पण आमच्या मुलीची गोष्ट पार्लरची नाही, रीतसर दवाखान्याची आहे. जिल्ह्याच्या गावी डॉक्टरांनी रंगांची पट्टी तिच्या दातांशी धरली, कुठला रंग हवा ते विचारलं आणि जेल लावलं. तू कुठल्या गावची, पाणी कुठलं पितेस, हे विचारलं नाही. हे डाग चहाचे नव्हते, तंबाखूचेही नव्हते. ते फ्लोराइडचे होते. दात हिरडीच्या आत तयार होत असतात तेव्हाच ते कवचात बसतात. पेरॉक्साइडने तपकिरी पट्टे फिके होतात, पण पांढरे ठिपके जात नाहीत, उलट सुरुवातीला जास्त डोळ्यात भरतात. अशा दातांना वेगळे उपचार आहेत, कवचाचा अगदी वरचा थर घासून काढणं किंवा वरून लेप चढवणं. ते आधी सांगायला हवं होतं. मुलगी परत आली तेव्हा पट्टे फिके झाले होते, ठिपके चुन्यासारखे दिसत होते, आणि माठातलं पाणी पिताना ती डोळे मिटून घेत होती.

माझी आजी दातवण लावून दात काळे करायची. तिच्या पिढीत ते सवाष्णीचं लेणं होतं. जपानमध्येही लग्न झालेल्या बायका दात काळे करत, 1873 साली तिथल्या महाराणीने ते सोडलं आणि मग हळूहळू सगळ्यांनी. काळे असोत की पांढरे, बाईच्या दातांचा रंग दुसऱ्याच कुणीतरी ठरवायचा. दातवण गेलं आणि मशेरी राहिली. दात घासायच्या पूड-पेस्टमध्ये तंबाखू घालायला 1992 सालीच बंदी झाली, तरी तव्यावर तंबाखू भाजून पूड करायला कोण अडवणार? रोजगाराला जाणाऱ्या कितीतरी जणी भूक मारायला ती लावतात. मुंबईतल्या 1,217 गरोदर बायकांचा एक अभ्यास 2004 साली प्रसिद्ध झाला. मशेरीसारखी धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्यांच्या बाळांचं वजन सरासरी 105 ग्रॅमने कमी भरलं. मशेरीचे डाग काढून द्या म्हणून बाई दवाखान्यात येते तेव्हा अनेकदा आयुष्यात पहिल्यांदा तिने कुणासमोर तोंड उघडलेलं असतं. गालाच्या आत पांढरा चट्टा आहे का, हे पाहायला कितीसा वेळ लागतो? तिशीनंतर तोंडाच्या कर्करोगाची तपासणी सरकारी आरोग्य कार्यक्रमातही आहे. आपल्या भागातल्या आशाताईला विचारा, फॉर्म तिच्याकडेच असतो.

तर पाणी. 1972 च्या दुष्काळानंतर महाराष्ट्रात गावोगावी बोअर खोदले गेले. बायकांची पायपीट वाचली, हे आपण विसरता कामा नये. पण खोलवरच्या खडकातून काही ठिकाणी फ्लोराइडही वर आलं. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड ही त्यातली जिल्ह्यांची नावं. पाण्यात ते लिटरला एक मिलिग्रॅमपर्यंत असावं, दुसरा स्रोतच नसेल तर दीडपर्यंत चालेल, असं भारतीय मानक आहे. जास्त झालं तर आधी दात, आणि वर्षानुवर्षं प्यायल्यावर हाडं. कंबर आणि गुडघे धरून बसलेल्या म्हाताऱ्या त्या गावात मी पाहिल्या आहेत. मी त्याला वय समजत होते.

मुलीच्या घराजवळच्या हातपंपाला लाल रंग दिलेला आहे. तो कधी दिला हे कुणाला आठवत नाही. नळयोजनेची टाकी आहे, वीजबिल थकलं की ती कोरडी असते, आणि मग लाल पंपच. ही माहिती मला त्या अर्जाच्या बैठकीत विचारता आली असती. मी बाजाराबद्दल बोलत होते.

मुलीला भाऊ आहे, चार वर्षांचा. त्याचे दुधाचे दात स्वच्छ आहेत. कायमचे दात हिरडीत आत्ता घडताहेत, सात-आठ वर्षांपर्यंत घडत राहतील. हे तिला मी सांगितलं तेव्हा ती पहिल्यांदा रागावली, डॉक्टरवर नाही, माझ्यावर. “हे आधी काहून नाही सांगितलं?”

ग्रामसभेसाठी गटाने दोन मागण्यांचा अर्ज केला आहे: गावातल्या प्रत्येक पाण्याची तपासणी करून आकडे शाळेच्या भिंतीवर लिहावेत, आणि टाकीचं वीजबिल आधी भरावं. अर्जावर पहिली सही तिची आहे. नवं स्थळ अजून आलेलं नाही. कर्जाचे सात हप्ते बाकी आहेत, ते ती कापूस वेचून फेडते आहे.