पुतणी डोंगरात पळते

“पोरगी डोंगरानं पळायली म्हणं. तू तिथं असून काय करायलास?”

हिमायतनगराहून दादाचा हा फोन आला तेव्हा मी सकाळच्या दुसऱ्या चहाचा पेला नुकता तोंडाला लावला होता. दादा म्हणजे माझे थोरले बंधू. त्यांची कन्या शिकायला म्हणून पुण्यास आली, आमच्याकडे राहिली, आणि पहिल्या वर्षीच रविवारी पहाटे चारला उठून नाहीशी होऊ लागली. काकूला सांगून जात असे, मला नव्हे. या घरात मला सगळ्या गोष्टी शेवटी कळतात, हे या सदराच्या नेहमीच्या वाचकांस नव्याने सांगावयास नकोच.

प्रकरण असे होते. सिंहगड, राजगड आणि तोरणा हे तीन गड एकामागून एक पायी करण्याची हौस पुण्यातल्या भटक्यांना फार पूर्वीपासून आहे. त्याच डोंगरवाटांवर २०१८ सालापासून डिसेंबरात धावण्याची शर्यत होते. अंतरे अकरा किलोमीटरपासून शंभर किलोमीटरपर्यंत. पुतणीला त्यातल्या पंचवीसच्या शर्यतीत उतरायचे होते आणि त्यासाठी वडिलांची परवानगी हवी होती. वडिलांनी मोबाईलवर शोधले, आणि त्यांना नेमके सापडले ते चीन! २२ मे २०२१ रोजी तिथल्या कान्सू प्रांतात अशीच शंभर किलोमीटरची शर्यत होती. १७२ माणसे धावत होती. अंगावर उन्हाळी कपडे. दुपारी उंचावर एकाएकी गारा आणि गोठवणारा वारा सुटला. एकवीस जण थंडीने दगावले. एका मेंढपाळाने सहा जणांना आपल्या गुहेत नेऊन शेकोटीवर शेकले, म्हणून ते वाचले.

“आता बोल,” दादा म्हणाले.

मी काय बोलणार? म्हटले, मी स्वतः पाहून येतो आणि मग सांगतो.

मग एका रविवारी तिच्याबरोबर आतकरवाडीहून सिंहगड चढू लागलो. वाट दोन मैलांच्या आतली, पण चढ सुमारे दोन हजार फुटांचा. वाटेत तिने मला एक हिशेब शिकवला. नेस्मिथ नावाच्या एका स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली तो मांडला. तीन मैलांना एक तास धरावा, आणि चढाच्या दर दोन हजार फुटांना आणखी एक तास मिळवावा. म्हणजे डोंगरात किती मैल हा प्रश्न अर्धाच. उरलेला अर्धा किती उंच. या हिशेबाने मला दीड तास पुरायला हवा होता. पावणेदोन लागले. नेस्मिथसाहेबांनी पोटाचा घेर हिशेबात धरलेला दिसत नाही.

मला नवल वाटले ते निराळेच. ही मंडळी चढावर धावतच नाहीत! गुडघ्यांवर हात टेकून, छोटी पावले टाकीत, खाली मान घालून चालतात. धावणे सपाटीवर आणि उतारावर. आणि कस लागतो तो उतारालाच. चढताना दम जातो, तो बसले की परत येतो. उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच शरीराचा भार पेलतात, आणि त्याची वसुली दुसऱ्या दिवशी जिना उतरताना होते. पाण्याचेही तंत्र आहे. घाम गळतो त्यात मीठ जाते. वर नुसते पाणीच ढोसत राहिले तर रक्तातले मीठ पातळ होऊन माणूस भ्रमिष्टासारखा होतो. म्हणून पुतणीच्या पाठपिशवीत मीठ-साखरेच्या पुड्या होत्या, शिट्टी होती, विजेरी होती आणि चॉकलेटच्या चांदीसारखी एक घडी होती. ती पांघरूण म्हणून अंगाभोवती गुंडाळायची.

“चीनमध्ये ही नव्हती का?” मी विचारले.

“पांघरूण असलं तरी वेळेवर परत फिरायला लागतं, काका,” ती म्हणाली.

वर पिठले-भाकरी आणि मडक्यातले दही झाले. उत्तरेला खडकवासल्याचे पाणी चमकत होते. त्याच्या वर पश्चिमेस पानशेत आणि वरसगाव. बारा जुलै १९६१ ज्या पुणेकरांच्या घराण्यात अजून सांगितला जातो, त्यांना ते पाणी पाहताना नुसते सौंदर्य सुचत नसावे. नैऋत्येला राजगड आणि तोरणा. तोरण्याची उंची चौदाशे मीटरांवर. राजगडावरून गुंजवणी आणि भाटघर अशी दोन्ही धरणे दिसतात, असे पुतणीने सांगितले. मी विश्वास ठेवला. चढून खात्री करण्याची गरज वाटली नाही.

डोंगर आणि तळी असली की धावणारा माणूस निपजतोच की काय कोण जाणे! इंग्लंडातल्या सरोवरांच्या मुलुखात केझिक म्हणून गाव आहे. तिथे बॉब ग्रॅहॅम नावाचा चाळिशी उलटलेला गृहस्थ पाहुण्यांना राहायला खोल्या देत असे. जून १९३२ मध्ये त्याने चोवीस तासांच्या आत बेचाळीस डोंगरमाथे पालथे घातले. पायांत टेनिसचे बूट, आखूड पाटलोण, आणि वर रात्री झोपताना घालायचा सदरा! पुढे १९६० सालापर्यंत दुसऱ्या कोणाला ते जमले नाही. आमच्या घरी ही हकीकत सांगितली तेव्हा सौभाग्यवतींनी फक्त माझ्या सदऱ्याकडे पाहिले.

तर पुतणी आणि तिच्या दोन मैत्रिणी कल्याण दरवाजाने उतरून डोंगराच्या धारेने विंझरला येणार, आणि मी गाडीने जाऊन तिथे थांबणार, असे ठरले. ती म्हणाली होती, अडीच तास. विंझरला मी टपरीवर बसलो. अडीच तास झाले. पावणेतीन झाले. तिसरा चहा आला. फोन लागेना. समोरच्या डोंगरावर ढग उतरू लागले आणि मला एकदम चीन दिसू लागले. दादाला काय सांगू? वहिनींना काय सांगू? टपरीवाला म्हणाला, “येतील हो, रोज येतात मंडळी.” त्याच्या मुलीला कोणी डोंगरात सोडले नव्हते.

सव्वातीन तासांनी तिघीजणी दिसल्या, चालत. एकीचा पाय ओल्या दगडावरून मुरगळला होता. पुतणीने तिला खांद्याचा आधार दिला होता, आणि पुढे धुके दिसताच धारेची वाट सोडून गुरे वळणाऱ्या एका म्हाताऱ्याच्या मागे खालच्या वाटेने तिघी उतरल्या होत्या. मी रागवायचे ठरवले होते. पण तिने आधी मैत्रिणीचा बूट सोडला, पाय बाकावर उंच ठेवला, टपरीवाल्याकडे बर्फ आहे का विचारले, आणि मग माझ्याकडे वळून म्हणाली, “काका, उशीर झाला. सॉरी.”

त्या रात्री दादाला फोन करून मी सगळे सांगितले. सव्वातीन तासही सांगितले, तिसरा चहाही सांगितला. ते खूप वेळ गप्प होते. मग मागून मायचा आवाज आला. आमची माय पंच्याऐंशीच्या घरात आहे.

हे बोलणे दुसऱ्या कोणाच्या घरात झाले असते तर निराळे. आमच्या घरात माहूर आहे. रेणुकेचा डोंगर, दत्तशिखर आणि अनसूयाशिखर, भोवती पैनगंगेचे वळण. श्रावणी पौर्णिमेला तिथे परिक्रमेची यात्रा भरते. भर पावसात, चिखलातून, ओढे ओलांडीत माणसे डोंगरांना फेरी घालतात. माय ती फेरी कितीतरी वर्षे अनवाणी करीत असे. एका वर्षी कडेवर मी होतो. तिला कोणी परवानगी विचारली नव्हती, आणि तिनेही कोणाला विचारली नव्हती.

“काय म्हणायला तो?” मायने विचारले. दादांनी सांगितले.

“पायात काय घालती ती?”

“बूट घालती, माय.”

“मंग?” माय म्हणाली आणि आत गेली असावी.

दादांनी तेव्हाही होकार दिला नाही. आठ दिवसांनी फोन आला. दिवाळीला पोरीला पाठव. पाडवा झाला की तिला घेऊन माहूरला जातो. रेणुकेपासून अनसूयेपर्यंत ती कशी जाते ते मागून चालत पाहतो. मग शर्यतीचे बघू. पुतणीने त्यांच्यासाठी पाण्याची वेगळी बाटली आणि मीठ-साखरेच्या चार पुड्या बॅगेत भरल्या आहेत. दादांनी एवढेच विचारले आहे की बूट घ्यावे लागतील, की चपलांवर भागेल.