सेंट्रल पार्कमध्ये वाढलेल्यांनो, आता पार्क सांभाळायला या

खारघरच्या रहिवाशांना आणि इथून बाहेरगावी गेलेल्या सर्व खारघरकरांना जाहीर आवाहन



ज्यांचं लहानपण किंवा तरुणपण खारघरच्या सेंट्रल पार्कमध्ये गेलं, त्या सगळ्यांसाठी हे आवाहन आहे. मागणं एकच आहे. ज्या पार्कने आपल्याला वाढवलं, त्याची राखण आता आपण अंगावर घ्यावी. त्याच्या आठवणी गोळा कराव्यात, त्याची झाडं मोजावीत आणि जगवावीत, आणि त्याच्याविषयी निर्णय होतात तिथे आपला आवाज असावा. हे लिहिणारे आम्ही काही जण या पार्कातच मोठे झालो. आज आमच्यातल्या काहींची मुलं त्याच पायवाटांवर धावतात.

पार्क २०१०च्या सुमारास खुला झाला तेव्हा खारघर अर्धंमुर्धं वसलं होतं. रस्ते ऐसपैस तयार होते, पण त्यांवर रहदारी नव्हती. इमारतींपेक्षा मोकळे प्लॉट जास्त होते आणि पावसाळ्यात तिथे कमरेएवढं गवत माजायचं. कोणी डोंबिवलीहून आलेलं, कोणी चेंबूरहून, कोणी थेट साताऱ्याहून किंवा जळगावहून. एका मजल्यावर मराठी, मल्याळी, पंजाबी आणि ओडिया कुटुंब राहायचं आणि कोणाला कोणाचं नाव माहीत नसायचं. आपली एकमेकांशी ओळख झाली ती पार्कात. आया घसरगुंडीपाशी उभ्या राहून बोलू लागल्या. गावाहून आलेले आजोबा बाकांवर बसून आधी हवापाण्यावर आणि मग मुलासुनांवर बोलू लागले. आपण मुलांनी तर दुसऱ्याच दिवशी संघ पाडले.

ते दिवस आठवा. शाळेतून आल्यावर दप्तर टाकून सायकलवर टांग मारायची आणि सरळ पार्क गाठायचा. बॅट-बॉल दिसला की सुरक्षारक्षक काकांची शिट्टी वाजायची, मग थोडं लांब जाऊन पुन्हा डाव मांडायचा. गेटबाहेर भाजलेलं कणीस, तिखटमीठ लावलेली कैरी आणि बर्फाचा गोळा. जुलैत ढग डोंगराच्या माथ्यावरून खाली उतरायचे, कड्यांवरून पांढऱ्या धारा सुटायच्या आणि पार्कात उभं राहून आपण त्यातला पांडवकडा कोणता यावर वाद घालायचो. दहावीचा निकाल लागला त्या संध्याकाळी कितीतरी जण इथेच जमले. कितीतरी जणांनी बारावीचा अभ्यास इथल्या बाकांवर केला, आणि कोणाला मनातलं बोलायचं धैर्यही इथेच आलं. सेक्टर २२मध्ये टाटा स्मारक केंद्राचं ‘ॲक्ट्रेक’ हे कर्करोगाचं संशोधन आणि उपचार केंद्र आहे. तिथे उपचारासाठी देशभरातून आलेल्या रुग्णांचे नातेवाईक संध्याकाळी घटकाभर टेकायला पार्कात यायचे. आपल्याला तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावरचा शिणवटा कळत नव्हता, आता कळतो. घर लहान, शहर अनोळखी आणि मन जड झालेलं असताना माणसाला जिथे फुकट बसता येतं, अशी जागा शहरात किती मोलाची असते, हे मोठं झाल्यावर उमगलं.

जुन्या शहरांकडे अशा जागांची मोठी परंपरा असते. मुंबईत शिवाजी पार्क १९२५ पासून आहे. तिथे खेळणाऱ्यांच्या किती पिढ्या झाल्या. पुण्याला सारसबाग आहे, एम्प्रेस गार्डन आहे. खारघरचं तसं नाही. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोची स्थापना १७ मार्च १९७० रोजी झाली आणि आपला नोड, म्हणजे खारघर, त्यानंतर कितीतरी वर्षांनी भरू लागला. आपल्या इमारतींना इतिहास नाही, आपल्या रस्त्यांना नावांऐवजी सेक्टरांचे आकडे आहेत. पण एका पिढीचं संपूर्ण बालपण साठलेली जागा आता आपल्याकडेही आहे. ती जपली तरच खारघर राहण्याच्या सोयीपुरतं न उरता आपलं गाव होईल.

इथे एक गोष्ट आपण मोकळ्या मनाने मान्य केली पाहिजे. आपल्या आठवणींच्या आधीही या भागात आठवणी होत्या. नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल आणि उरण भागातल्या ९५ गावांच्या जमिनी संपादित झाल्या. खारघर, मुर्बी, ओवे, पेठ, बेलपाडा आणि कोपरा या आपल्या आसपासच्या गावांनी भातशेती दिली, गुरं चारायची रानं दिली. जमिनीच्या न्याय्य मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जानेवारी १९८४मध्ये जासई परिसरात लढा झाला आणि त्यात पाच शेतकरी हुतात्मे झाले. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन मूळ मालकांना परत देणाऱ्या योजनेच्या मागे तो लढा आहे. या भागात खाचरं कुठे होती, ओढा कुठून वाहायचा, लावणीच्या वेळी बायका कुठे जेवायला बसायच्या, हे सांगू शकणारी आगरी आजी-आजोबांची पिढी आज आपल्यात आहे. तिचं सांगणं ऐकून घेतल्याशिवाय पार्काची गोष्ट पूर्ण होणार नाही.

न्यूयॉर्कमध्ये याच नावाचा जगप्रसिद्ध पार्क आहे. १८५८मध्ये तो लोकांसाठी खुला होऊ लागला. १९७०च्या दशकात शहराची तिजोरी रिकामी झाली आणि त्याची दैना झाली. हिरवळ धुळीला मिळाली, बाक मोडले, लोक आत जायला घाबरू लागले. १९८०मध्ये नागरिकांनी पुढाकार घेऊन पार्कासाठी संस्था उभी केली, देणग्या जमवल्या, स्वयंसेवक तयार केले आणि महापालिकेच्या बरोबरीने काम करून पार्क पुन्हा उभा केला. ती संस्था आजही त्याची देखभाल करते. त्याच पार्कासाठी १८५७मध्ये सेनेका व्हिलेज नावाची, बहुसंख्य कृष्णवर्णीयांची वस्ती उठवली गेली होती आणि पुढे शंभराहून अधिक वर्षं ती विस्मरणात गेली. अलीकडे, २०१९मध्ये, त्या वस्तीची माहिती देणारे फलक पार्कात लागले. आपल्या जुन्या गावकऱ्यांच्या आठवणींना तेवढी वाट पाहायला लागू नये. ज्यांनी ते दिवस पाहिले ती माणसं आपल्या शेजारी राहतात, त्यांना आजच विचारता येतं.

आठवणी हे पार्क राखण्याचं एक कारण झालं. दुसरं कारण सावलीचं आहे. १६ एप्रिल २०२३ रोजी महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्यासाठी खारघरच्या उघड्या मैदानात लाखो माणसं जमली आणि उन्हाच्या तडाख्याने १४ जणांना जीव गमवावा लागला. एप्रिलमधलं खारघरचं ऊन काय असतं, हे त्या दिवशी साऱ्या महाराष्ट्राने पाहिलं. डोंगर आणि खाडी यांच्या मधल्या या पट्ट्यात दर वर्षी काँक्रीट वाढतं आहे. मोठी झाडं असलेला सलग मोकळा भाग ही इथली गरज आहे. रोपाचं झाड व्हायला दहा-पंधरा वर्षं जातात. आपल्या लहानपणी लावलेली रोपं आत्ता कुठे सावली धरू लागली आहेत. ती गेली तर आपल्या मुलांना पहिल्यापासून वाट पाहावी लागेल.

म्हणून आम्ही आपल्याला पुढील कामांसाठी साद घालत आहोत. ज्याला जे जमेल ते त्याने घ्यावं.

१. जुने फोटो आणि आठवणी द्या. घरातले अल्बम, जुने मोबाइल, बंद पडलेले कॉम्प्युटर उघडा. पार्कातला फोटो सापडला की मागे किंवा खाली वर्ष आणि जागा लिहा. वाढदिवसाच्या फोटोत मागे दिसणारं रोपटं कोणत्या साली केवढं होतं, हे त्यावरून कळतं. झाडाचं वय सांगणारा दुसरा कागद बहुतेक वेळा कुठेच नसतो. पुण्यात, बंगळुरूत किंवा परदेशात असलेल्या खारघरकरांना हे काम बसल्या जागी करता येईल.

२. गावातल्या वडीलधाऱ्यांशी बोला. आसपासच्या गावांतल्या तरुणांनी आपल्या आजी-आजोबांना जुन्या शेतांची, ओढ्यांची आणि पाणवठ्यांची नावं विचारून त्यांच्याच बोलीत ती रेकॉर्ड करावीत. पुढे पार्कात माहितीफलक लावण्याची मागणी आपण सगळे मिळून करू, आणि त्या फलकांवरची पहिली ओळ या गावांची असेल.

३. झाडांची नोंद करा. महाराष्ट्रात शहरांतल्या झाडांसाठी १९७५चा वृक्ष संरक्षण कायदा आहे. त्यानुसार वृक्ष प्राधिकरण असतं, ठरावीक काळाने झाडांची गणना करायची असते आणि परवानगीशिवाय झाड तोडता येत नाही. पण कायद्याला हात देणारा नागरिक लागतो. चार-पाच जणांच्या गटाने पार्काचा एकेक भाग वाटून घ्यावा आणि झाडाचं नाव, बुंध्याचा घेर आणि स्थिती लिहून काढावी. कॉलेजातल्या वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी आणि शिक्षकांनी यात मार्गदर्शन करावं, ही खास विनंती.

४. लावण्यापेक्षा जगवण्यावर भर द्या. जूनमध्ये रोप लावणारे हात पुष्कळ असतात. कोकणात पाऊस ऑक्टोबरात संपतो आणि पुढचे सात-आठ महिने कोरडे जातात. रोप मरतं ते या महिन्यांत. एका कुटुंबाने दोन रोपं घ्यावीत आणि तीन उन्हाळे त्यांना पाणी घालावं. बुंध्याशी पालापाचोळ्याचं आच्छादन ठेवलं तर पाणी कमी लागतं, म्हणून गळलेली पानं जाळू नका आणि कोणाला जाळू देऊ नका. लावताना इथल्या मातीत रुळलेली झाडं निवडू या: ताम्हण, बहावा, करंज, कदंब, पांगारा, काटेसावर, पळस, जांभूळ, उंबर. पांगारा आणि सावर ऐन कोरड्या दिवसांत फुलतात आणि मैना, बुलबुल, सूर्यपक्षी त्यांवर गर्दी करतात. बहाव्याच्या पानांवर फुलपाखरं अंडी घालतात. आपल्या मुलांना झाडांची नावं शिकवण्यासाठी याहून चांगली शाळा नाही.

५. डोंगराचे वणवे रोखा. पार्कामागचा डोंगर हा पार्काचाच भाग समजा. होळीच्या आगेमागे गवत वाळतं आणि दर वर्षी डोंगरावर आगी लागतात. त्यात नुकतीच रुजलेली रोपं, पक्ष्यांची घरटी आणि जमिनीवरचे जीव होरपळतात. डोंगरावर सिगारेट, शेकोटी, चूल नको. धूर दिसला की वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर लगेच कळवा. पावसाळ्यात पांडवकड्याकडे जाण्यावर बंदी असते, ती जिवासाठी आहे. आपल्या घरातल्या तरुणांना तेवढं बजावून सांगा.

६. प्रश्न विचारा, लेखी विचारा. पनवेल महानगरपालिका १ ऑक्टोबर २०१६ रोजी अस्तित्वात आली आणि सिडकोने वसवलेल्या आपल्या नोडला नवी व्यवस्था मिळाली. कोणती जागा कोणाच्या ताब्यात आहे, देखभालीचा ठेका कोणाकडे आहे, त्यात कोणती कामं येतात, पुढचा आराखडा काय आहे, हे माहिती अधिकार कायदा २००५ खाली कोणीही विचारू शकतो. अर्जाला दहा रुपये लागतात आणि साधारणपणे तीस दिवसांत उत्तर देणं बंधनकारक असतं. भांडणाचा सूर नको, पण पाठपुरावा सोडायचा नाही. पार्कातल्या माळीदादांशी, सफाई करणाऱ्या ताईंशी आणि सुरक्षारक्षकांशीही बोला. पार्क खरोखर कोणाला ठाऊक असेल तर तो त्यांना.

७. रोजची शिस्त पाळा. प्लास्टिकच्या बाटल्या आणि खाऊची पाकिटं परत घरी न्या. स्पीकर लावू नका. झाडांना खिळे ठोकू नका, नावं कोरू नका. नवीन आलेल्या शेजाऱ्याला हे प्रेमाने सांगा. तो आज जसा नवा आहे तसे एकेकाळी आपणही होतो.

सोसायट्यांच्या पदाधिकाऱ्यांनी हे आवाहन नोटीस बोर्डावर लावावं आणि पुढच्या सभेत आपल्या सोसायटीकडून कोणतं काम घेता येईल ते ठरवावं. शाळांनी ‘माझ्या आजीच्या वेळचं खारघर’ असा प्रकल्प मुलांना द्यावा. डॉक्टर, वकील, वास्तुविशारद, छायाचित्रकार यांनी आपल्या कौशल्याचे दोन तास पार्काला द्यावेत. मेट्रो आता पार्काच्या नावाच्या स्टेशनावर थांबते, त्यामुळे बेलापूर किंवा तळोजाच्या बाजूने येणाऱ्यांनाही पोहोचणं सोपं झालं आहे.

यात कोणताही पक्ष नाही आणि वर्गणीही नाही. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी सात वाजता पार्काच्या मुख्य प्रवेशद्वारापाशी भेटू या. येताना एक वही, पेन, पाण्याची बाटली आणि सापडलाच तर एक जुना फोटो आणा. पहिल्या भेटीत झाडांच्या नोंदीसाठी भाग वाटून घेऊ आणि आठवणी जमवण्याचं काम कोणाकडे द्यायचं ते ठरवू. एकटे येऊ नका. ज्याच्याबरोबर तुम्ही इथे खेळलात त्याला फोन करून बरोबर आणा.

आपले नम्र,
सेंट्रल पार्कमध्ये वाढलेले काही खारघरकर