वेणी घालण्याआधी



जळगावहून एका भगिनीचे पत्र आले आहे. माहेर धुळ्याचे. त्यांच्या वडिलांना, म्हणजे आप्पांना, येत्या पौषात ७५ वर्षे पूर्ण होतात. पहाटे पांझरेच्या काठाने फिरायला जायचा त्यांचा नेम कडाक्याच्या थंडीतही चुकत नाही. म्हणून पुढच्या बाजूला तीन वेण्या असलेला स्वेटर आपल्या हाताने विणून द्यावा, असे लेकीच्या मनात आहे. भिशी लागली तेव्हा ५०० ग्रॅम लोकरही आणून ठेवली. पण आजवर विणले काय, तर मुलाचे टोपडे आणि एक मफलर. “सुलट-उलटच्या पुढे माझी मजल नाही,” त्या लिहितात. “मधूनच टाके सुईवरून काढायचे म्हटलं की छातीत धस्स होतं. जाऊबाई म्हणतात, विकत आणा आणि मोकळ्या व्हा. एवढी लोकर वाया तर नाही ना जायची?”

आधी जाऊबाईंचे बघू. पैशांच्या हिशेबाने त्या खोटे बोलत नाहीत. थंडी पडली की आपल्याकडच्या गावांतून तिबेटी स्वेटरवाल्यांची दुकाने लागतात, त्यांच्याकडे बराच माल लुधियानाचा असतो, आणि तो पुष्कळदा नुसत्या लोकरीच्या किमतीतही बसतो. काटकसर म्हणून विणायचे दिवस आता गेले, हे कबूल करून टाकावे. पण आप्पांच्या पंचाहत्तरीचा स्वेटर काटकसरीसाठी नाहीच मुळी, तेव्हा तो वाद इथेच मिटवू. त्या दुकानांचा उपयोग मात्र जरूर करून घ्या. वेणीचा एखादा स्वेटर हातात घेऊन उलटा करून बघा. मागून वेणी कशी दिसते हे ज्या बाईने नीट पाहिले, तिचे निम्मे भय तिथेच जाते.

कारण वेणी म्हणजे नवा टाका नाहीच. तेच सुलट, तेच उलट. फक्त सहा सुलट टाक्यांतले पहिले तीन आणि पुढचे तीन यांची जागा बदलायची. बसच्या बाकावर बसलेल्या दोघींनी जागा बदलावी तसे. तीन टाके एका जादा सुईवर घेऊन पुढे धरायचे, पलीकडचे तीन आधी विणायचे, मग धरलेले तीन विणायचे. झाली अदलाबदल! ज्या टाक्यांची तुम्हाला धास्ती वाटते ते क्षणभरही मोकळे नसतात, ते त्या तिसऱ्या सुईवर बसलेले असतात. ही सुई दोन्ही टोकांना निमुळती आणि हातातल्या सुयांपेक्षा थोडी बारीक असावी. मोजे विणायच्या चार सुयांच्या संचातली एक चालते. तीही नसली तर केसांचा मोठा आकडा घ्या. सायकलच्या तारा घासून त्यांवर स्वेटर विणणाऱ्या बायका आपल्याकडे होत्या, तेव्हा साधनावाचून कुणी अडू नये.

मग अवघड काय? अवघड आहे तो हिशेब. वेणी विणताना हात सहसा चुकत नाही, माप चुकते. ते कसे, हे सांगण्याआधी तुम्हाला एक लहानसे काम देते. स्वेटरला हात लावू नका. आधी एक कानपट्टी विणा. धुळ्याच्या कृषी महाविद्यालयात नोंदलेला थंडीचा आकडा दर हिवाळ्यात वर्तमानपत्रांत येतो आणि तो एक अंकी असला तरी धुळेकरांना त्याचे नवल नसते. सकाळच्या शाळेला मुलांना स्कूटरवरून सोडणाऱ्या कुठल्याही आईला कानपट्टी हवीच असते. म्हणजे हा नमुना पेटीत पडून राहायचा नाही.

जाड लोकर, दुकानात डबल निटिंग म्हणून मागतात ती, ५० ग्रॅम घ्या. सुया नं. ८. (नंबर वाढतो तशी सुई बारीक होते, हे नव्या मुलींनी लक्षात ठेवावे.) रंग फिकट आणि एकच असू द्या. काळ्या किंवा रंगीबेरंगी लोकरीत वेणी दिसतच नाही, मेहनत मातीमोल होते.

२२ टाके घाला.

पहिली ओळ : ४ सुलट, ४ उलट, ६ सुलट, ४ उलट, ४ सुलट.

दुसरी ओळ : ८ सुलट, ६ उलट, ८ सुलट.

या दोन ओळी आणखी दोनदा विणा, म्हणजे सहा ओळी होतील.

सातवी ओळ, वेणीची : ४ सुलट, ४ उलट. आता पुढचे ३ टाके जादा सुईवर घेऊन कामाच्या पुढे, आपल्या अंगाकडे धरा. डाव्या सुईवरचे ३ सुलट विणा, मग जादा सुईवरचे ३ सुलट विणा. ४ उलट, ४ सुलट.

आठवी ओळ दुसरीसारखी.

या आठ ओळी पुन्हा पुन्हा विणत जायचे. पट्टी १९ इंच भरली की टाके बंद करून दोन्ही टोके शिवून टाका. विणकाम ताणते, त्यामुळे डोक्याच्या घेरापेक्षा दोन इंच कमीच असू द्यावे.

वेणीची पहिली ओळ विणाल तेव्हा मधले टाके घट्ट वाटतील, सुई आत शिरायला कुरकुरेल. तसेच व्हायचे, काही बिघडलेले नसते. अदलाबदल झाल्यावर पहिला टाका विणताना धागा जरा ओढून घ्या, नाहीतर तिथे भोक दिसते. जादा सुई पुढे धरली की पीळ डावीकडे वळतो, मागे धरली की उजवीकडे. दोन्ही बरोबर, पण एका वेणीत एकच दिशा पाळायची. ओळी मोजायला दुधाच्या हिशेबाचे कालनिर्णय असतेच भिंतीवर. त्याच्या कोपऱ्यात पेन्सिलीने एकेक रेघ ओढत जा. मध्येच कुकरची शिट्टी होते, दारावर भाजीवाली येते, आणि पाचवी ओळ की सातवी हे आठवत नाही. अशा वेळी आठवणीवर विसंबण्यात अर्थ नाही.

चुकले तर? इथे एक युक्ती सांगते, ती वेणी शिकणारीने सोडूच नये. दर दोन वेण्या झाल्या की आठव्या ओळीनंतर दाभणात वेगळ्या रंगाचा सुती दोरा ओवून तो सुईवरच्या सगळ्या टाक्यांतून घालून ठेवा, टाके सुईवरच राहू द्या. कापसाच्या मुलखात सुती दोऱ्याला काय तोटा! पुढे वेणी उलट्या दिशेला वळली, एखादा टाका निसटला, तर सुई काढून सरळ उसवत या. उसवणे त्या दोऱ्यापाशी आपोआप थांबते, टाके दोऱ्यावर शिस्तीने उभे असतात, ते पुन्हा सुईवर घ्यायचे. कापडाला कात्री लागली की परत येत नाही. लोकरीचे तसे नाही. पत्रात लोकर वाया जाण्याची भीती लिहिली आहे, तिला माझे उत्तर हा दोरा आहे.

आता तो हिशेब. याच लोकरीने, याच सुयांवर सपाट विणकाम केले तर साधारण ५॥ टाक्यांना एक इंच भरतो. प्रत्येकीचा हात निराळा, म्हणून २२ टाक्यांचा बोटभर साधा तुकडा विणून मोजून बघावे. तो ४ इंच भरला असे धरू. आता २२ च टाक्यांची ही कानपट्टी मोजा, न ताणता. ती ४ इंच भरणार नाही. पाव ते अर्धा इंच कुठे गेला? वेणीने गिळला. टाके एकमेकांवर चढतात, म्हणून रुंदी आत ओढली जाते.

एका वेणीला पाव-अर्धा इंच म्हणजे तीन वेण्यांना इंच-सव्वा इंच. पाठीवरही वेण्या घातल्या तर दोन इंचांच्या वर. साध्या स्वेटरचे टाके मोजून त्यातच हौसेने वेण्या घालणाऱ्या बायकांचा स्वेटर मग छातीला दाटतो, आणि दोष जातो सुयांना नाहीतर वीण अवघड असल्याला. आप्पांची छाती ४० इंच कळवली आहे. अंगाला सैल बसण्यासाठी पुढचा आणि मागचा भाग प्रत्येकी २१ इंचांचा धरा, म्हणजे ११६ टाके. पाठ साधीच ठेवा, तिथे वेण्यांचा सोस नको. पुढच्या भागाची बॉर्डर मात्र ११६ टाक्यांनीच, नं. १० च्या सुयांवर, एक सुलट एक उलट अशी विणा. बॉर्डरच्या शेवटच्या ओळीत, जिथे जिथे वेणी यायची तिथल्या ४ टाक्यांचे ६ करा. तीन वेण्यांचे ६ टाके वाढले, एकूण १२२. बॉर्डर पसरत नाही, अंगाचे माप राहते, आणि हे सहा टाके वेण्यांत कुठे जिरले ते कुणाला कळतही नाही. खांद्यापाशी टाके बंद करताना वेणीच्या सहांतले दोनदा दोन-दोन टाके एकत्र विणून पुन्हा चार करायचे, नाहीतर खांद्याला झालर आल्यासारखी दिसते.

वेणी लोकरही जास्त खाते. ५०० ग्रॅममध्ये साधा स्वेटर बसला असता. वेण्या आणि लांब बाह्या म्हटल्यावर शेवटी ओढाताण होईल. आणखी १०० ग्रॅम आत्ताच घेऊन ठेवा. आग्रा रोडवरून घेतली असो की फुले मार्केटातून, पट्टीवरचा रंगाचा नंबर जुळवा आणि त्याखालचा लॉटचा नंबरही जुळवा. रंग तोच, लॉट वेगळा, असे झाले तर एक बाही दुसरीहून उजळ दिसते, आणि ते उन्हात अधिकच दिसते. कानपट्टीसाठीही यातली लोकर मोडू नका.

पत्रात आणखी एक विचारले आहे. आयर्लंडच्या कोळ्यांच्या घराण्यागणिक वेणीचा वेगळा नमुना असे, आणि बुडालेला माणूस त्यावरून ओळखत, हे खरे का? ऐकायला छान आहे, पण खरे नाही. अॅरन बेटांवरचे वेण्यांचे स्वेटर तसे जुने नव्हेत, गेल्या शतकाच्या सुरुवातीचे. या समजुतीचे मूळ जॉन सिंज यांच्या १९०४ सालच्या ‘रायडर्स टू द सी’ या नाटकात सांगतात. त्यात बुडालेल्या भावाचा मोजा बहिणीपुढे येतो. तिथे वेणी नाही की घराण्याची खूण नाही. मोजा तिने स्वतः विणलेला असतो. ती टाके मोजते, आणि मध्ये आपण किती टाके सोडले होते त्यावरून तिला कळते. मला त्या कहाणीपेक्षा हे टाके मोजणेच जास्त खरे वाटते.

एक शेवटचे, इस्त्रीचे. लोकर अॅक्रिलिक असेल तर वेणीवर गरम इस्त्री कधीही फिरवू नका. वेणी चपटी होते आणि पुन्हा उठत नाही. गार पाण्यात धुऊन, टॉवेलात गुंडाळून पाणी टिपा आणि सावलीत खाटेवर आडवा पसरून वाळवा. दोरीवर टांगलात तर ओल्या वजनाने लांबी वाढते.

आपल्याकडे लोकर हातात धरवते ती नवरात्र ते संक्रांत. मे महिन्यात जळगाव ४५ अंशांना टेकले की सुई घामाने सरकत नाही. तेव्हा कानपट्टी या आठवड्यात होऊ द्या. आप्पांच्या बाहीची लांबी, काखेपासून मनगटापर्यंतची, पत्रात लिहायची राहिली आहे. ती लवकर कळवा. मधली वेणी गोल गळ्यापाशी कशी सोडायची, हे बाह्यांबरोबरच पुढल्या अंकात देते.