निकाली निघालेली तक्रार आणि न मोजलेले तास

गेल्या काही महिन्यांत शाखांकडून आमच्याकडे जी पत्रे आली, त्यांतील बरीचशी एकाच विषयावरची आहेत. बदली, बढती, क्वार्टर हे विषय नेहमीचेच. त्यात आता मोबाईलवर येणाऱ्या कामाची भर पडली आहे. प्रवाशाची तक्रार असो वा पोस्टमनच्या बीटवरील स्पीड पोस्ट, दिवसाचे काम यंत्र वाटून देते, मुदत यंत्र लावते, आणि किती निकाली व किती प्रलंबित याचा हिशेबही यंत्रच वरिष्ठांच्या टेबलावर ठेवते. प्रवासी आणि पत्राचा मालक यांना आता ग्राहक म्हणायचे असते. म्हणोत बापडे.

आमचा संगणकाला विरोध आहे असा गैरसमज कोणी करून घेऊ नये. १९८०च्या दशकाच्या मध्यास आरक्षण संगणकावर जाऊ लागले तेव्हा नोकऱ्या जातील ही धास्ती होती आणि ती अगदीच निराधार नव्हती. पण खिडकीमागची जाडजूड रजिस्टरे गेली म्हणून आज कोणी बुकिंग क्लार्क रडत नाही. तसेच २०१८ साली रेलमदद सुरू झाली आणि पुढे १३९ हा एकच क्रमांक सर्व तक्रारींसाठी झाला, त्यालाही आमची हरकत नाही. स्लीपरच्या डब्यातून दोन दिवसांचा प्रवास करणारा माणूस बहुधा आपल्यासारखाच कामगार असतो. संडासात पाणी नसेल तर त्याने ओरडू नये काय?

प्रश्न ओरडल्यानंतरचा आहे. एका जंक्शनवरील कॅरेज विभागातील सहकाऱ्याने कळवलेली हकिगत पाहा. गाडी येण्यास दहा मिनिटे असताना मोबाईलवर तक्रार आली: अमुक डब्यात पाणी नाही. गाडीचा थांबा पाच मिनिटांचा. त्या फलाटावर डब्यात पाणी भरण्याची सोयच नाही. ती पुढे तीन तासांच्या अंतरावर. आमचा माणूस डब्यापर्यंत धावला, व्हॉल्व्ह पाहिला, टाकी रिकामी असल्याची खात्री केली, प्रवाशांच्या शिव्या खाल्ल्या आणि गाडी सुटली. इकडे मुदतीचा काटा चालूच. कंट्रोलमधून फोन, तक्रार उघडी का? साहेबांचा फोन, बंद करून टाका. त्याने ‘काम केले’ असा शेरा टाकून ती बंद केली. प्रवाशाला निरोप गेला की आपली तक्रार दूर झाली आहे. त्याने चिडून ‘असमाधानी’ असे कळवले आणि आठ दिवसांनी आमच्या माणसाच्या हातात मेमो पडला: खोटा शेरा का दिला? तक्रार उघडी ठेवली असती तर विलंबाचा मेमो ठरलेलाच होता. पाण्याचा नळ मात्र त्या फलाटावर आजही नाही, आणि त्याबद्दल मेमो कोणालाही मिळालेला नाही.

त्या दिवशी रोस्टरप्रमाणे त्याची ड्यूटी दुपारी दोनला संपली होती, हे सांगायचे राहिले. तक्रार आली दोन वाजून चाळीस मिनिटांनी. बदली माणूस रजेवर होता आणि मोबाईल याच्या खिशात. आमचे मुख्य म्हणणे इथेच आहे. यंत्र काम मोजते, तास मोजत नाही. रोस्टर तास मोजते, त्याला हे काम दिसत नाही. या दोन कागदांच्या फटीत कामगार अडकला आहे.

रेल्वे कायदा, १९८९ चे कलम १३२ आपल्यापैकी जुन्यांना पाठ असेल. कंटिन्युअस वर्गवारीत दोन आठवड्यांच्या सरासरीने आठवड्यास ५४ तास, इंटेन्सिव्हमध्ये ४५, इसेन्शियली इंटरमिटंटमध्ये ७५. त्यापुढील कामाला जादा मोबदला. कलम १३३ प्रमाणे पहिल्या दोन्ही वर्गांना आठवड्यातून सलग ३० तासांची विश्रांती. या ३० तासांत मोबाईल तीनदा वाजला तर ती सलग विश्रांती कशी म्हणायची? फोन घेणे, शेरा टाकणे, दुसऱ्याला धाडणे हे काम नसेल तर ते न केल्याबद्दल मेमो कशाचा?

पोस्टातील बंधू-भगिनींची स्थिती याहून बिकट आहे. डिसेंबर २०१७ पासून दर्पण योजनेखाली ग्रामीण शाखा डाकघरात हातातले यंत्र आले. सप्टेंबर २०१८ पासून पेमेंट्स बँकेचे काम आले. ग्रामीण डाक सेवकाचा भत्ता मात्र १ जुलै २०१८ पासून चार तास किंवा पाच तास या हिशेबानेच ठरतो. रेंज नसलेल्या गावातला शाखा डाकपाल टपाल वाटून झाल्यावर नोंदी वर चढवण्यासाठी सायकल काढून टेकडीवर जातो. तो वेळ चार तासांत बसतो का, हे कोणी त्याला विचारलेले नाही. शहरातला पोस्टमनही बीट संपवून आल्यावर ‘दार बंद’, ‘पत्ता सापडला नाही’ असे शेरे भरत बसतो, कारण संध्याकाळी प्रलंबित आकडा दिसता कामा नये.

खोटे शेरे आपणही टाकतो, हे कबूल केले पाहिजे. दडपणाखाली टाकतो हे खरे, पण प्रत्येक खोट्या ‘निकाली’ने प्रशासनाच्या हाती एक आकडा जातो की सध्याच्या माणसांत सर्व काही सुरळीत चालले आहे. रिकाम्या जागा भरा म्हणून आम्ही मागणी घेऊन गेलो की हाच आकडा आमच्यापुढे सरकवला जातो. आणि आमच्या स्वतःच्या शाखा कार्यालयातील तक्रारवही तरी काय सांगते? परवा चाळली तेव्हा पानामागून पान ‘पत्र दिले’ हाच शेरा. पत्राचे पुढे काय झाले ते लिहिलेले नाही. आम्हीही तक्रारी बंदच करीत आलो.

म्हणून शाखा सचिवांना सांगणे आहे. ‘काम केले’ लिहू नका. ‘साधन नाही’, ‘पाणी भरण्याची सोय नाही’, ‘माणूस नाही’ असे जे असेल ते लिहा आणि त्यावर मेमो आला तर उत्तर देण्यापूर्वी आमच्याकडे या. ड्यूटीबाहेर आलेल्या प्रत्येक कामाची वेळ वहीत टिपा. यंत्रातही ती वेळ मिनिटासकट नोंदलेली असते, तेव्हा ही नोंद नाकारणे प्रशासनाला जड जाईल. वर्गवारी बदलून घेण्यासाठी जॉब अ‍ॅनालिसिसची मागणी करताना याहून चांगला पुरावा मिळणे कठीण.

त्या जंक्शनवरील नळाचा विषय पुढील पीएनएम बैठकीच्या यादीत घातला आहे. शाखेने त्यासोबत तीन महिन्यांत तेथे बंद केलेल्या पाण्याच्या सर्व तक्रारींची यादी जोडली आहे, प्रत्येकीपुढे गाडीचा थांबा किती मिनिटांचा आणि माणूस ड्यूटीवर होता की नव्हता, या दोन रकान्यांसह.