भिंत आपल्या गल्लीची, मग चित्र ठेकेदाराच्या पसंतीचं का?

हिंगोलीकरांनो, सरकारी खर्चानं रंगवलेल्या भिंती डोळ्यासमोर आणा. ओला कचरा, सुका कचरा, दोन डबे, एक झाड, गांधीजींचा चष्मा. आता हीच भिंत परभणीत बघा, वाशिमला बघा, नांदेडला बघा. काही फरक सापडला तर मला सांगा!

२०१६ पासून स्वच्छ सर्वेक्षणात शहरांना गुण मिळू लागले आणि भिंती रंगवणं हे ठरलेलं काम होऊन बसलं. अंदाजपत्रक, निविदा, चौरस फुटाचा दर, बिल. या सगळ्यात एकाच माणसाला कुणी विचारत नाही, ज्याच्या दारासमोर ती भिंत आहे त्याला. म्हणून दोन पावसाळ्यांत पोपडे निघतात, पानाच्या पिचकाऱ्या पडतात, वरून कुणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स लागतो आणि कुणालाच काही वाटत नाही. वाटेल कशाला? ती भिंत आपली आहे असं कुणाला वाटलंच नव्हतं.

यावर साहेब लोकांचं उत्तर ठरलेलं असतं, "लोकांना कलेचं काय पडलंय?" हे साफ खोटं आहे. आपल्या दसऱ्याला दीडशेहून जास्त वर्षांची परंपरा आहे. रावण बघायला रामलीला मैदानावर खेड्यापाड्यातून माणूस लोटतो. पोळ्याला बैलांची शिंगं रंगतात, गणपतीत पोरं रात्र रात्र जागून देखावा उभा करतात, भीमजयंतीला वस्ती सजते. हे सगळं वर्गणीतून आणि अंगमेहनतीतून होतं. ते कुणी विद्रूप करत नाही, कारण त्यात प्रत्येकाचा हात असतो. कला आपल्याकडं आहेच, फक्त भिंतीचा निर्णय आपल्याकडं नाही.

अमेरिकेतल्या फिलाडेल्फियात १९८४ साली भिंती विद्रूप करणाऱ्या पोरांच्याच हातात ब्रश दिले. त्यातून पुढं हजारो भित्तिचित्रं झाली आणि चित्र काय असावं यावर आधी वस्तीत बैठका घ्यायची पद्धत पडली. आपल्या मुंबईत २०१७ च्या डिसेंबरात घाटकोपरची असल्फा टेकडी स्वयंसेवकांनी रंगवली. मेट्रोतून फोटो छान येतात. पण तेव्हाच प्रश्नही निघाला, बाहेरून रंग दिला, आत पाणी-संडासाचं काय? प्रश्न बरोबरच होता. नुसता रंग म्हणजे मेकअप. फरक पडतो तो रंगाच्या आधीच्या बैठकीनं.

"आधी नाल्या करा, मग चित्रं," असं म्हणणाऱ्यांनाही माझं हेच सांगणं आहे. चित्रासाठी वीस घरं एकत्र बसली की तिथंच तुंबलेल्या नालीचा विषय निघतो, बंद दिव्याचा निघतो. एकदा एकत्र बसायची सवय लागली की तीच वीस घरं उद्या अर्ज घेऊन नगरपालिकेत जातात. एकट्यादुकट्याला टोलवता येतं, अख्ख्या गल्लीला नाही.

खरी गोम इथंच आहे. खेड्यात ग्रामसभा आहे, वर्षातून किमान चार घ्याव्या लागतात. नर्सीचा माणूस तिथं उभा राहून सरपंचाला जाब विचारू शकतो. हिंगोली शहरातला माणूस कुठं उभा राहणार? ७४ व्या घटनादुरुस्तीनं प्रभाग समित्या सक्तीच्या केल्या, पण तीन लाखांच्या वरच्या शहरांना. २०११ च्या जनगणनेत आपण ८५ हजारांच्या आसपास होतो. म्हणजे गाव मोठं झालं आणि माणसाचा आवाज लहान झाला!

औंढ्याच्या नागनाथाची आख्यायिका आपल्याला लहानपणापासून माहीत आहे. नामदेवांना कीर्तनाला देवळाच्या मागं जायला सांगितलं, तर देऊळच त्यांच्याकडं फिरलं. मागं उभ्या असलेल्या माणसाकडं तोंड करायला देवळाला जमलं, नगरपालिकेला का जमू नये?

मागणी मोठी नाही. भिंत रंगवायच्या आधी त्या गल्लीत बैठक घ्या, बायाबापड्या आणि पोरांसकट, आणि काय काढायचं ते तिथं ठरवा. पुढाऱ्यांचे चेहरे आणि पक्षाची चिन्हं नकोत. काम गावातल्याच पेंटरला द्या, रीतसर मजुरी देऊन. लोकसहभाग म्हणजे फुकट राबवून घेणं नव्हे. फ्लेक्स आल्यापासून बोर्ड रंगवणाऱ्या हातांचं काम गेलंय, ते हात अजून गावात आहेत. आणि किती खर्च झाला तो आकडा त्याच भिंतीच्या कोपऱ्यात लिहा, चित्रापेक्षा तोच जास्त वाचला जाईल.

कयाधूचा पूर असेल, हळदीचा ढीग असेल, जलेश्वर तलाव असेल, नाहीतर गल्लीतल्या आज्जीची गोष्ट असेल. काय काढायचं ते आपण ठरवू. तुमच्या गल्लीतली कोणती भिंत आणि तिच्यावर काय हवं, ते लिहा. पुढची निविदा निघायच्या आत ही यादी आपण नगरपालिकेच्या टेबलावर ठेवू. नाहीतर पुन्हा तेच दोन डबे आहेतच.