आपल्यानंतर त्याचे घर



सुमारे वीस वर्षांपूर्वी विंचूरमधील एका आडतपेढीचे शेठजी माझ्या टेबलासमोर येऊन बसले. सोबत त्यांचा धाकटा मुलगा होता. वय तेवीस, समज सहा-सात वर्षांच्या बालकाची. मुलाच्या नावावरील मुदतठेव मोडून त्याच्यासाठी घराच्या मागे तळमजल्यावर खोली बांधायची होती, कारण घर माडीवर आणि जिना अरुंद. मुलाला सही येत नव्हती. तो सज्ञान झाल्यामुळे वडिलांची सही चालत नव्हती. मी नियमावर बोट ठेवून न्यायालयाचा आदेश आणायला सांगितले. दुसरा मार्ग होता. तो मला ठाऊक नव्हता. ही चूक माझी.

अपत्य अठरा वर्षांचे झाले की आईवडील त्याचे आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. राष्ट्रीय न्यासाच्या १९९९ च्या कायद्यानुसार स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता किंवा बहुविकलांगता असलेल्या सज्ञान व्यक्तीसाठी जिल्ह्याची स्थानिक स्तर समिती पालक नेमू शकते. तिचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात. पालकाने सहा महिन्यांत मालमत्तेची यादी द्यायची आणि आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत हिशेब सादर करायचा. दिवाळीला वहीपूजन करणाऱ्या घरांना हे काम जड नाही. या समितीचे प्रमाणपत्र खात्यांच्या व्यवहारासाठी ग्राह्य धरावे, असे रिझर्व्ह बँकेने २००७ मध्ये बँकांना कळवले आहे.

राहण्याचा विषय निघाला की आपल्याकडे थेट 'संस्थेत टाकणे' हाच शब्दप्रयोग होतो आणि बोलणे तिथेच थांबते. वास्तविक मध्ये बऱ्याच पायऱ्या आहेत. पहिली पायरी आपलेच घर: उंबरा काढणे, तळमजल्यावर खोली, शेजारीच धरायला दांडा असलेले स्वच्छतागृह. त्यापुढे दिवसाची कार्यशाळा आणि रात्री घर. नाशिकमध्ये रजनीताई लिमये यांनी १९७७ साली प्रबोधिनी विद्यामंदिर सुरू केले, ते स्वतःच्या मुलाच्या निमित्ताने. पुढे तेथे प्रौढांसाठी कार्यशाळाही उभी राहिली. त्यानंतरची पायरी कायमच्या निवासाची. नाशिकचेच 'घरकुल' बौद्धिक अक्षम मुली व स्त्रियांसाठी आहे. बदलापूरची 'आधार' तर पालकांनीच एकत्र येऊन उभारली. प्रौढांच्या आजन्म सामूहिक निवासासाठी राष्ट्रीय न्यासाने 'घरौंदा' नावाची योजना आखली. आणि २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा सांगतो की, अशा व्यक्तीला समाजात राहण्याचा हक्क आहे. विशिष्ट ठिकाणीच राहा, अशी सक्ती तिच्यावर करता येत नाही.

निवास पाहायला जाल तेव्हा इमारतीपेक्षा रात्रीचा कर्मचारी पाहा. आजारपणात कोण नेते, अनामत रक्कम कोणत्या अटीवर परत मिळते, आईवडील गेल्यावर मासिक शुल्क वाढले तर काय, हे लेखी घ्या. जेवणाचेही विचारा. कांद्याच्या बाजारपेठेत राहून ज्याच्या ताटात कधी कांदा आला नाही, सूर्यास्तापूर्वी जेवण्याची ज्याला चाळीस वर्षांची सवय, त्याला पन्नाशीत हा बदल शब्दांनी समजावता येत नाही. म्हणून आधी आठ दिवस, मग महिनाभर राहून पाहावे. आईची चिता विझण्याआधी त्याला नव्या जागी पोहोचवावे लागणे, यापेक्षा मोठा अन्याय मला सुचत नाही.

राहिला पैसा. 'थोरला सांभाळेल' या वाक्यावर माझा विश्वास आहे. पण थोरलाही सत्तरीचा होणार, हेही खरे. मृत्युपत्राने सरळ हिस्सा त्याच्या नावे केला, तर सहीअभावी तो अडकून पडतो. त्यापेक्षा १८८२ च्या भारतीय न्यास अधिनियमाखाली त्याच्यासाठी खाजगी न्यास करावा, वकील व सनदी लेखापाल यांच्या सल्ल्याने. मात्र माणूस सांभाळणारा आणि पैसा सांभाळणारा एकच नसावा. बँकेत आम्ही एकाने लिहिलेले व्हाउचर दुसऱ्याकडून तपासून घेत असू, त्यात अविश्वास नव्हता.

आपल्या समाजाने पांजरापोळ चालवले, धर्मशाळा बांधल्या. जयपूरची भगवान महावीर विकलांग सहायता समिती १९७५ पासून कृत्रिम पाय बसवते आहे. चार कुटुंबांनी मिळून एक बंगला, दोन सेविका आणि एक स्वयंपाकी ठेवणे ही रक्कम आपल्या एका पंचकल्याणकाच्या मंडपाहून फार मोठी नसावी. विश्वस्त मंडळांनी रागावू नये, मीही त्या मंडपात जेवलो आहे.

शेठजी आता नाहीत. ती खोली अखेर बांधली गेली, ठेव न मोडता, उसनवारी करून. पालकत्वाचे प्रमाणपत्र थोरल्या भावाने समितीकडून घेतले. अर्ज मीच लिहून दिला. गेल्या वर्षी आईने प्रथमच त्याला आठ दिवस नाशिकच्या एका वसतिगृहात ठेवले. पहिले तीन दिवस त्या नीट जेवल्या नाहीत. चौथ्या दिवशी त्यांनी फोन लावला, तेव्हा तो मित्रांसोबत जेवायला बसला होता आणि बोलायला उठला नाही.